वर्षभर परदेशात फिरायचंय, ट्रेक करायचेत, थोडं व्हॉलंटिअरिंगही करायचंय? आपल्या पासपोर्टवर जमेल असा आराखडा

‘नोकरी सोडली, सॅक उचलली आणि वर्षभर या देशातून त्या देशात’ असे जे व्हिडिओ आपण रात्री जागून बघतो ना, ते बनवणारे बहुतेक जण युरोपियन नाहीतर ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाले असतात. त्यांना बॉर्डरवर शिक्का मारून आत सोडतात. आपल्याला आधी बँक स्टेटमेंट, आयटीआर, बुकिंग, बोटांचे ठसे, आणि शेंगेनसारखा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच) व्हिसा तर साधारणपणे आपण जिथे राहतो तिथूनच काढावा लागतो, काठमांडूत बसून स्पेनचा व्हिसा काढू म्हणाल तर कोणी दारात उभं करणार नाही. म्हणून पहिल्यांदाच असं वर्ष काढणाऱ्यांना मी सांगते की सलग बाहेर राहायचा हट्ट सोडा. वर्षाचे चार-पाच तुकडे पाडा, एकेक तुकडा चार-सहा आठवड्यांचा, मधे घरी या, कपडे धुवा, आईच्या हातचं खा, पुढचा व्हिसा टाका, परत निघा. ऐकायला कमी रोमँटिक वाटतं पण खर्च आटोक्यात राहतो आणि घरचेही जरा कमी घाबरतात.

(वय १८ ते ३० मधे असेल आणि परदेशात राहून पैसेही कमवायचे असतील तर तो रस्ता वेगळा आहे. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसाचा ड्रॉ सुरू केलाय, वर्षाला १००० जागा, आणि यूकेची यंग प्रोफेशनल्स स्कीम आहे, तीही ड्रॉवर. नंबर लागला तर उत्तम, पण ड्रॉच्या भरवशावर राजीनामा देऊ नका.)

पायरी १: कागद

पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड आणि कोऱ्या पानांचा हवा. नवीन काढत असाल तर ३६ ऐवजी ६० पानांचा मागा, फीमधे ५०० रुपयांचाच फरक आहे आणि वर्षभर फिरणाऱ्याची पानं भराभर संपतात. दहावी पास असाल तर तो नॉन-ईसीआर (म्हणजे इमिग्रेशन क्लिअरन्स न लागणारा) असल्याची खात्री करा. गाडी किंवा स्कूटर चालवणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या, १००० रुपये फी, एक वर्ष चालतं.

लसींचा विषय लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, तसं करू नका. केनिया, युगांडा, इथिओपिया या बाजूला जाणार असाल तर यलो फीव्हरची लस घ्यावीच लागते, ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालतं. गंमत म्हणजे यात आपलंच सरकार जास्त कडक आहे, त्या देशांतून सर्टिफिकेटशिवाय परत आलात तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमधे ठेवू शकतात. टांझानियाला नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तरी घेऊनच ठेवा, डोक्याला ताप नको. वय ६० च्या पुढे असेल किंवा काही औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

पायरी २: आधी ऋतू बघा, देश नंतर

बरेच जण आधी देशांची यादी करतात आणि मग कळतं की त्या महिन्यात तिथे धो धो पाऊस असतो. उलटं करा. भिंतीवरचं कालनिर्णय घ्या आणि कुठल्या महिन्यात कुठे आभाळ मोकळं असतं ते लिहा. माझ्या मते नवशिक्यांसाठी असं बसतं:

ऑक्टोबर-नोव्हेंबर नेपाळ, कारण पाऊस संपून हवा धुतल्यासारखी स्वच्छ झालेली असते. दसऱ्याच्या आसपास मात्र तिकडे दशैं असतो, सगळा देश गावी निघालेला असतो, बसची तिकिटं मिळत नाहीत, ते दिवस टाळा.

डिसेंबर-जानेवारी श्रीलंकेचा दक्षिण आणि पश्चिम किनारा, आणि श्रीपाद शिखर, २२४३ मीटर. तिथली यात्रा डिसेंबरच्या पौर्णिमेला सुरू होते ती मे महिन्यातल्या वेसाकपर्यंत, म्हणजे बुद्धपौर्णिमेपर्यंत चालते, रात्री दोनच्या सुमारास पायऱ्या चढायला लागायचं आणि सूर्योदयाला वर. हजारो पायऱ्या आहेत, गुडघ्यांची तयारी ठेवा.

जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात टांझानिया. मार्चमधे तिथला मोठा पाऊस सुरू होतो तो मेपर्यंत.

मार्च-एप्रिल घरी. हा महिना-दीड महिना व्हिसासाठी लागतोच.

मे-जून स्पेन, जुलै-ऑगस्ट किर्गिझस्तान, आणि मग गणपतीला घरी. आपल्याकडे जुलैत बदाबदा कोसळत असतं तेव्हा मध्य आशियात घोड्यावर बसायचे दिवस असतात, हे फार कमी लोकांना माहीत आहे.

सगळं एका वर्षात नाही जमलं तर दोन तुकडे उडवा. श्रीलंका आधी उडवा, ती कधीही होते.

पायरी ३: तब्येत

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना हे पटत नाही पण सांगते. कळसूबाई १६४६ मीटर आहे. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४१३०. तुम्ही सिंहगड पाऊण तासात चढत असाल, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केली असेल, पाय आणि दम तयार आहेत, छान, पण चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असतो आणि त्याची सवय सह्याद्रीत कितीही चढलात तरी होत नाही. उलट फिट माणूसच जास्त धोक्यात असतो कारण तो भराभर वर जातो.

नियम सोपा आहे: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण जात नाहीये, तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि नाहीच बरं वाटलं तर उतरायचं. बसल्या बसल्या धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, किंवा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात असेल तर रात्र असली तरी लगेच खाली न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगा, जमत नसेल तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता धरा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही, किती घ्यायची हे निघायच्या आधी डॉक्टरला विचारा, ट्रेकमधल्या शेजाऱ्याला नाही.

सराव म्हणून दर वीकेंडला पाठीवर आठ-दहा किलो घेऊन चढ-उतार करा. उताराला जास्त महत्त्व द्या. जिना चढणं सगळे करतात, उतरताना लिफ्ट घेतात आणि मग अन्नपूर्णाच्या वाटेवरच्या छोमरोंगच्या पायऱ्या उतरताना रडतात.

पायरी ४: पहिला तुकडा, नेपाळ

पहिला परदेश म्हणून नेपाळच घ्या. आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं (आधार कार्डवर विमानानं जायला निघू नका, एअरपोर्टवरून परत पाठवतात). १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर ठरलेला असतो. शंभरच्या नोटा न्या, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात. काठमांडू-पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालतं, पण ट्रेकवर रोखच लागते, एटीएम शोधायला वर जाऊ नका.

ट्रेक कुठला? सगळ्यांना एव्हरेस्ट बेस कॅम्पच करायचा असतो कारण ते नाव ऑफिसात सांगता येतं. ५३६४ मीटर उंची, शिवाय ट्रेक जिथून सुरू होतो त्या लुक्लाचं विमान, जे हवेवर अवलंबून असतं आणि गर्दीच्या सीझनमधे बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतं, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास जीपमधे हाडं खिळखिळी करून घ्यायची. नवशिक्यानं अन्नपूर्णा बेस कॅम्प करावा. पोखऱ्याहून जीपनं सुरुवातीच्या गावापर्यंत जाता येतं, विमानाची भानगड नाही, घांद्रुक, छोमरोंग अशी खरीखुरी गावं लागतात आणि शेवटच्या दिवशी चारी बाजूंनी बर्फाच्या भिंती. परमिट सार्क देशांच्या लोकांना १००० नेपाळी रुपये, बाकीच्या परदेशी लोकांना ३०००, तेव्हा काउंटरवर आपण भारतीय आहोत हे आधी सांगा. एप्रिल २०२३ पासून सरकारनं परदेशी ट्रेकर्सना गाइड बंधनकारक केलाय. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही, पण पहिल्या वेळी गाइड घ्याच.

टी-हाउसमधे, म्हणजे वाटेवरच्या छोट्या लॉजमधे, खोली स्वस्त असते, अट एकच, जेवण तिथेच करायचं. दाल-भात मागवा, परत परत वाढतात, पिझ्झाच्या नादाला लागू नका. जसजसं वर जाल तसा भाव वाढतो कारण सगळं माणसाच्या नाहीतर खेचराच्या पाठीवरून येतं, चार्जिंग आणि गरम पाण्याचे वेगळे पैसे पडतात, त्यावर घासाघीस करताना आपले लोक जे सूर लावतात ते ऐकून मला लाज वाटते. घासाघीस काठमांडूतल्या थमेलच्या बाजारात करा, तिथे चालते.

इन्शुरन्स काढताना एकच ओळ शोधा: ट्रेकिंग किती मीटरपर्यंत कव्हर आहे? साधी ट्रॅव्हल पॉलिसी बऱ्याचदा डोंगर धरतच नाही. या वर्षात टांझानियातला किलिमांजारो आहे, म्हणजे ६००० मीटरपर्यंतचं आणि हेलिकॉप्टर रेस्क्यूसकट घ्या. आणि एक लक्षात ठेवा, २०१८ मधे नेपाळमधे खोट्या हेलिकॉप्टर रेस्क्यूचं मोठं प्रकरण बाहेर आलं होतं, गरज नसताना ट्रेकर्सना हेलिकॉप्टरनं उतरवायचं आणि विमा कंपनीकडून पैसे काढायचे. साध्या डोकेदुखीला कोणी लगेच ‘हेलिकॉप्टर बोलवू का’ म्हणाला तर आधी पायी उतरता येतंय का बघा आणि विमा कंपनीच्या हेल्पलाइनला स्वतः फोन लावा.

पायरी ५: व्हॉलंटिअरिंग

यावर जास्त लिहिणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, आणि चांगल्या मनाच्या लोकांकडून होतो.

पहिली गोष्ट, कायदा. पगार नाही म्हणजे काम नाही असं आपल्याला वाटतं. बऱ्याच देशांना तसं वाटत नाही. न्यूझीलंडमधे शेतावर राहण्या-जेवण्याच्या बदल्यात चार तास काम केलं तरी ते कामच धरतात आणि व्हिजिटर व्हिसावर ते चालत नाही. यूकेच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटिअरिंग करता येतं, त्यापुढे नाही. वूफ, वर्कअवे अशा साइटवर यजमान सापडतात, तो यजमान ‘टुरिस्ट म्हणूनच सांगा’ म्हणाला तर समजून जा, पकडले गेलात तर तुमच्या पासपोर्टवर डाग, त्याचं काही जात नाही. प्रत्येक देशाच्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट, अनाथाश्रम. नाही. नाही म्हणजे नाहीच, दोन आठवडेसुद्धा नाही. नेपाळ, कंबोडिया या देशांत अशा कितीतरी ठिकाणी राहणाऱ्या मुलांचे आईवडील जिवंत असतात, परदेशी पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येतात म्हणून मुलं गावाकडून आणली जातात. ऑस्ट्रेलियानं २०१८ च्या आपल्या गुलामीविरोधी कायद्याच्या वेळी याला आधुनिक गुलामीचा प्रकार मानलं. आणि पैशांचं सोडा, दर पंधरा दिवसांनी नवीन ताई-दादा येतो, जीव लावतो, फोटो काढतो आणि निघून जातो, हे आपल्या भाच्याच्या बाबतीत आपण चालवून घेऊ का? तुमच्या कॉलनीतल्या शाळेत उद्या कोणी अनोळखी परदेशी माणूस कागदपत्रांशिवाय मुलांना शिकवायला आला तर पालक मीटिंग बोलावतील. तिकडेही तेच लावा.

प्राण्यांचंही तसंच. हत्तीवर बसवतात, अंघोळ घालायला देतात, कासवाची पिल्लं टाकीत ठेवून हातात देतात, तिथे ‘संवर्धन’ असा बोर्ड असला तरी पैसे देऊ नका. कासवांचं काम कसं असावं हे बघायचं असेल तर आधी आपल्या कोकणातल्या वेळासला जाऊन या, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवतात, पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडतात, आपण लांब उभं राहून बघायचं. तेवढं एकदा पाहिलं की श्रीलंकेच्या किनाऱ्यावर कुठलं केंद्र खरं आणि कुठलं टुरिस्टांसाठी मांडलेलं ते तुमचं तुम्हालाच कळतं.

मग करायचं काय? बऱ्याच गोष्टी आहेत, फक्त त्या फोटोत एवढ्या छान दिसत नाहीत.

एव्हरेस्टच्या वाटेवर गेलात तर नामचे गावाच्या वर सागरमाथा नेक्स्ट नावाचं केंद्र आहे, त्यांच्या उपक्रमात परतणारे ट्रेकर्स एक किलो कचऱ्याची पिशवी लुक्लापर्यंत खाली नेतात. एक किलो, एवढंच. काठमांडूत कीप ही संस्था पोर्टरना गरम कपडे वापरायला देते, तुमचं जास्तीचं जॅकेट परत आणण्यापेक्षा तिथे द्या.

विपश्यनेचा दहा दिवसांचा कोर्स केलेला असेल (इगतपुरी आपल्याला जवळच आहे) तर जगभरातल्या केंद्रांवर धम्मसेवा देता येते, स्वयंपाकघरात भाज्या चिरायच्या, भांडी घासायची, साफसफाई. काठमांडूला बुढानीलकंठजवळ धम्मशृंग आहे. राहणं-जेवण होतं, फी नाही, भाषेचा प्रश्न नाही, पण अर्ज आधी करावा लागतो आणि कोर्सचे नियम सेवा देणाऱ्यालाही पाळावे लागतात, त्यामुळे फुकट राहायची सोय म्हणून जाऊ नका.

तुमच्याकडे खरं कौशल्य असेल, म्हणजे नर्सिंग, अकाउंट्स, वायरिंग, वेबसाइट, तर संस्थेला निघायच्या तीन-चार महिने आधी ईमेल करा आणि हे विचारा: हे काम करायला गावात कोणी मिळत नाही का? मी गेल्यावर ते कोण करणार? मी भरतोय त्या फीमधले किती पैसे कुठे जातात? उत्तर सविस्तर आलं तर पुढे बोला. ‘फक्त या, तुमचं प्रेम पुरे’ असं आलं तर सोडून द्या. आणि कधी कधी संस्था लिहिते की येऊ नका, घरूनच आमचे हिशोब एक्सेलमधे बसवून द्या. तसं लिहिलं तर माझ्या मते ती संस्था चांगली, काम घ्या.

पायरी ६: किलिमांजारो

५८९५ मीटर, दोर-कुऱ्हाडी लागत नाहीत, चालत जायचं. लायसन्सवाल्या गाइडशिवाय जाता येत नाही. पार्कची फी दिवसावर असते म्हणून पाच दिवसांची पॅकेजेस स्वस्त दिसतात, आणि म्हणूनच त्यातले बरेच लोक वर पोचत नाहीत, शरीराला वेळच मिळत नाही. माचामे किंवा लेमोशो रूटचे सात-आठ दिवस घ्या. कंपनी निवडताना पोर्टर्सच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या केपॅपच्या यादीत ती आहे का बघा, पोर्टरच्या पाठीवर २० किलोंची मर्यादा आहे, आणि टिपचे पैसे बजेटमधे आधीच धरा, ते ऐच्छिक वगैरे नाहीत.

आणि हो, टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पर्यटकांनाही. आपण चिवडा एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, असं बांधतो, ते सगळं डब्यांत घाला.

पायरी ७: स्पेनमधली वारी

कॅमिनो दे सांतियागो, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागो शहरापर्यंतची पायी यात्रा. फ्रान्सच्या सीमेवरच्या सेंट-जॉं-पिए-द-पोर्टपासून सांतियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटर, तीस-पस्तीस दिवस. आळंदी-पंढरपूर पायी केलेल्या माणसाला यातलं निम्मं आधीच माहीत असतं, पायाला फोड, पहाटे निघणं, अनोळखी माणसाशी दोन दिवसांत घट्ट ओळख. एवढी सुट्टी नसेल तर सारियापासून शेवटचे शंभरेक किलोमीटर चाला, सर्टिफिकेट मिळतं, फक्त यात्रेकरूच्या पासबुकावर दिवसाला दोन शिक्के घ्यायला विसरू नका.

व्हिसाची अडचण अशी की सरकारी अल्बर्गे, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा, बहुतेक आधी बुक होत नाहीत आणि व्हिसावाल्यांना रोजचा मुक्काम दाखवावा लागतो. रद्द करता येतील अशी खासगी बुकिंग करा आणि गावं-तारखांसह दिवसाचा तक्ता जोडा. व्हिसा स्पेनचाच काढा, कारण मुक्काम तिकडे जास्त. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत म्हणून मार्चमधेच हात घाला. ३०,००० युरोचा इन्शुरन्स सक्तीचा. आणि १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते, तुमच्या व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेवढेच.

एकदा कॅमिनो पूर्ण केला की पुढच्या कधीतरी धर्मशाळेत ओस्पितालेरो म्हणून पंधरा दिवस सेवा देता येते, त्याला छोटं प्रशिक्षण लागतं. खाटा लावणे, शिक्के मारणे, थकलेल्यांना पाणी देणे. आपल्या व्हिसावर ते चालतं का हे वकिलातीला लेखी विचारून घ्या.

पायरी ८: किर्गिझस्तान, थोडक्यात

ई-व्हिसा मिळतो. सोंग-कोल तलाव ३००० मीटरच्या वर, तिथे मेंढपाळांच्या युर्टमधे, म्हणजे गोल तंबूत राहायचं, गावोगावी सीबीटी नावाची स्थानिक कुटुंबांची यंत्रणा आहे, घोडा-गाइड-मुक्काम त्यांच्याकडूनच घ्या, पैसे त्या घरात राहतात. शाकाहारी लोकांचे हाल होतात, ब्रेड, जॅम, साय आणि चहा यावर दिवस काढावे लागतात, मेतकूट आणि भाजणी न्या. बिश्केकमधे मेडिकलला आपल्याकडची भरपूर मुलं आहेत त्यामुळे शहरात डाळ-भात मिळतो. घोडीचं आंबवलेलं दूध देतील, एक घोट घ्या, पूर्ण वाडगा संपवलात तर पुढच्या दिवसाचं प्लॅनिंग तुमच्या पोटावर.

पैशांचे हिशोब

टूर कंपनीचं परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस (पैसे घेतानाच आगाऊ कापला जाणारा टॅक्स) पहिल्या रुपयापासून कापतात. स्वतः फॉरेक्स घेऊन फिरलात तर एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत कापत नाहीत. ऑक्टोबर ते सप्टेंबर फिरलात तर खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो, हाही तुकड्यांचा एक फायदा. कापला गेलाच तर तो बुडत नाही, आयकर खात्याकडच्या तुमच्या टॅक्सच्या नोंदीत दिसतो आणि रिटर्न भरताना परत मागता येतो, त्यामुळे बँकेच्या आणि एजंटच्या पावत्यांचे फोटो काढून एका फोल्डरमधे ठेवा आणि परत आल्यावर फॉरेक्स कार्डावर उरलेले पैसे लगेच काढून घ्या, काही कार्डांवर वापर नसला की चार्जेस लागत राहतात.